हातमाग ते गोदाम : लहान कारखानदारांचा हिशोब

चेणे हे घोडबंदर रस्त्यावरचे लहानसे गाव. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. कागदोपत्री गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेत येते, पण महानगराची गर्दी अजून पुरती इथवर पोहोचलेली नाही. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याची माणसे इथल्या ओढ्यावर भिजायला येतात आणि संध्याकाळी परत जातात. थांबत नाहीत ते ट्रक. ठाण्याकडून गायमुख उतरून येणारे आणि वर्सावे नाक्यावरून गुजरातच्या महामार्गाला लागणारे ट्रक रात्रंदिवस या गावावरून जातात.

गावापासून जवळच घोडबंदरचा किल्ला आहे. पोर्तुगिजांनी बांधलेला हा किल्ला १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. या बंदरात अरबस्तानातून घोडे उतरत, म्हणून घोडबंदर, अशी नावाची व्युत्पत्ती सांगतात. आमच्या लोकांना ही व्युत्पत्ती फार आवडते. घोडे, अरब सौदागर, किल्ला, सरदार असे ऐकले की इतिहासात आपलेही काही आहे असे वाटून ऊर भरून येतो. पण ज्या व्यवसायाने महाराष्ट्रातल्या लाखो मुसलमानांच्या घरात चूल पेटली, त्यांची गावे शहरे झाली आणि त्यांच्या मुलांच्या हातात पाटी आली, तो व्यवसाय घोड्यांचा नव्हता. तो मागाचा होता. घोडे आम्हाला आठवतात, माग आठवत नाही. हा लेख त्या विस्मरणाबद्दल आहे.

आज लहान आणि मध्यम उद्योगांनी देशाचा विकास होतो, असे प्रत्येक पुढारी सांगतो. आकडेही तेच सांगतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशात अशा उद्योगांची संख्या सुमारे ६ कोटी ३३ लाख आणि त्यांवर जगणारे हात सुमारे ११ कोटी १० लाख निघाले. त्यांतले ९९ टक्क्यांहून अधिक उद्योग तर सूक्ष्म, म्हणजे अगदी छोटे होते. राष्ट्रीय उत्पन्नात या क्षेत्राचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास धरला जातो. पण वाटा असणे आणि वाटणी मिळणे यांत अंतर आहे. ते अंतर समजून घ्यायचे तर याच घोडबंदर रस्त्याने उलट दिशेने निघावे. कापूरबावडीपाशी हा रस्ता जुन्या आग्रा रोडला भेटतो, आणि त्या रस्त्यावर आधी भिवंडी लागते, पुढे मालेगाव.

आग्रा रोडने आलेली माणसे

१८५७ चा उठाव मोडल्यावर उत्तर हिंदुस्थानात इंग्रजांनी सूड उगवला. त्याआधीच विलायती कापडाने तिथल्या विणकराचे कंबरडे मोडले होते. आझमगढ, मऊ, बनारस या भागांतले मोमीन विणकर बायकामुले आणि हातातला हुनर एवढेच घेऊन दक्षिणेकडे निघाले. पुढे दुष्काळांनी आणखी काही कुटुंबे हलवली. आग्रा रोड हा त्यांचा मार्ग होता आणि या रस्त्यावरच्या मालेगाव, भिवंडी अशा गावांत ते थांबले.

मालेगावात नारोशंकरांनी अठराव्या शतकात किल्ला बांधला, तेव्हापासून तिथे कारागिरांची वस्ती होती. आलेल्या मोमिनांनी तिथे हातमाग टाकले. भिवंडीत परिस्थिती थोडी वेगळी होती. तिथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती होती. शेती, भात, मासळी आणि खाडीचा व्यापार त्यांच्या हाती होता. भाषा, खाणे, रीतिरिवाज सगळ्यांत फरक. एकाच मशिदीत नमाज पढणारे हे दोन समाज एकमेकांत मिसळायला बराच काळ गेला. तरीही जमीन असलेला कोकणी आणि हुनर असलेला मोमीन, या दोघांच्या जवळ येण्यातूनच पुढची भिवंडी उभी राहिली.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांची रांग उभी राहिली. आपण समजतो की गिरणी आली आणि हातमाग मेला. प्रत्यक्षात गिरण्यांचे बरेचसे सूत हातमागवालेच विकत घेत. रेल्वेने आणि आग्रा रोडने ते मालेगावला जाई आणि तिथून लुगडी होऊन खानदेशात, देशावर पसरे. मोठा कारखाना आणि लहान माग हे आधी एकमेकांचे गिऱ्हाईक होते.

आणि ती लुगडी नेसत कोण? गावोगावची मराठी बाई. शेतात निंदायला जाणारी, बाजाराला निघालेली, लेकीच्या लग्नात आहेर मांडणारी. उर्दू बोलणाऱ्या मोमिनाने विणलेले नऊवारी लुगडे मराठी बाईच्या अंगावर होते. 'तुम्ही इथले कधीपासून?' असा प्रश्न आम्हाला अधूनमधून विचारला जातो. त्याचे उत्तर आम्ही किल्ल्यांत आणि बखरींत शोधतो. खरे तर ते तिच्या लुगड्यात होते.

हातमागावरून साच्यावर

महाराष्ट्रात यंत्रमागाची सुरुवात मुसलमान वस्तीत झाली नाही. १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि तिथल्या जहागीरदारांनी, नारायणराव घोरपड्यांनी, या उद्योगाला आसरा दिला. भिवंडी आणि मालेगावात वीज आली तसे १९३० च्या दशकात साचे बसू लागले. भिवंडीत या आरंभाशी खान साहेब समद शेठ यांचे नाव जोडले जाते. हातमागवाला आधी साच्याला घाबरला, मग त्याने उधारउसनवार करून एक साचा घेतला, मग दोन, मग चार.

स्वातंत्र्यानंतर सरकारपुढे पेच होता. गिरण्या वाढू दिल्या तर हातमागवाला बुडतो, न वाढवाव्या तर कापड अपुरे पडते. १९५४ साली कानुनगो समितीने हातमागाचे हळूहळू यंत्रमागात रूपांतर करावे असे सुचवले. १९५६ पासून गिरण्यांच्या मागांची संख्या वाढवण्यावर बंधने आली. कापडाची मागणी तर वाढत होती. ती पोकळी कोणी भरली? भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या पत्र्याच्या शेडांनी. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले साचे हे लोक विकत आणत, दुरुस्त करत आणि पुन्हा चालवत. पुष्कळ साचे परवान्याविना चालत. १९६४ साली अशोक मेहता समितीने या धंद्याची चौकशी केली, तोवर तो सरकारी बेरजेच्या कितीतरी पुढे निघून गेला होता. पुढे देशाचे निम्म्याहून अधिक कापड यंत्रमागावर निघू लागले. हे कोणत्याही पंचवार्षिक योजनेने घडवलेले नव्हते. बायकोचे दागिने मोडून घेतलेल्या साच्यांनी ते घडवले.

एका साच्यामागे किती चुली

लहान कारखान्याने वाढ होते म्हणजे नेमके काय होते, हे पुस्तकी भाषेत सांगण्यापेक्षा एका साच्याकडे पाहावे. सुताचा व्यापारी सूत देतो. ते ताण्यासाठी वार्पिंगला जाते, मग सायझिंगला. तिथे त्याला खळ लागून बीम तयार होते. हातगाडीवाला किंवा टेम्पोवाला ते बीम कारखान्यात आणतो. बाण्याचे सूत कांडीवर भरणारा वेगळा असतो. मालेगावात हे काम पुष्कळदा घरातल्या बायका करतात. विणकर साचा चालवतो, साचा बिघडला तर जॉबर येतो. विणलेला तागा तपासून घडी करणारा वेगळा. मग ते कोरे कापड रंगाईला, धुलाईला जाते. धोटा, पट्टे, लाकडी सुटे भाग बनवणारे सुतार-लोहार आहेत. परगावच्या विणकराला दोन वेळ जेवू घालणारी खाणावळ आहे. भिवंडीत तिला भिशी म्हणतात आणि ती बहुधा एखादी बाईच चालवते. शिवाय चहावाला, नाव्ही, मनिऑर्डरी वाटणारा पोस्टमन.

मोठ्या गिरणीत यातले बरेचसे एका फाटकाच्या आत होते आणि नफा एका तिजोरीत जातो. इथे तेच काम वीस दारांतून फिरते आणि प्रत्येक दारात काही पैसे टाकून पुढे जाते. थोड्या भांडवलात अधिक हातांना काम मिळते ते यामुळे. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे विणकराला मालक होण्याची वाट असते. गिरणी कामगार कितीही राबला तरी गिरणीचा मालक होत नाही. चार साच्यांवर काम करणारा माणूस मात्र दहा-पंधरा वर्षांत दोन साच्यांचा मालक होऊ शकत होता, आणि अनेक जण झाले. भिवंडी-मालेगावच्या शाळा, अंजुमने, दवाखाने अशाच माणसांच्या चंद्यावर चालले. आज उर्दू माध्यमात शिकून डॉक्टर, शिक्षक, वकील झालेल्यांची यादी काढली, तर अनेकांच्या मागे साच्याचा खडखडाट ऐकू येईल.

हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. तरीही 'जुलाहा' हा शब्द आपल्याच समाजात शिवीसारखा वापरला गेला, हेही लपवण्यात अर्थ नाही. अब्दुल कय्यूम अन्सारींची मोमीन कॉन्फरन्स स्वातंत्र्यापूर्वी पाकिस्तानच्या मागणीविरुद्ध उभी राहिली, त्यामागे राष्ट्रप्रेम तर होतेच, पण अशराफांच्या राजकारणात कष्टकऱ्याला जागा नाही, हा अनुभवही होता.

लहानपणाची दुसरी बाजू

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता, पण खरा झाला नसता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पण बाजारात कापड कमी पडले नाही. गिरणी मालकांनी ते भिवंडीत विणून घेतले आणि त्यावर आपल्या गिरणीचा शिक्का मारला. भिवंडीचे साचे तीन पाळ्यांत चालले, कारखानदारांनी नवे साचे टाकले. गिरणगावात चुली विझत असताना आमच्या गावात भरभराट होती. संप मोडला तेव्हा त्याच गिरण्यांतले काही कामगार भिवंडीत, अर्ध्या पगारावर, साचा चालवायला आले. त्या भरभराटीचा आम्ही कधी हिशोब केला का? आमच्या लहान मालकाने संप फोडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो फक्त आलेले काम करत होता. पण त्याच्या कामाचा उपयोग दुसऱ्याच्या लढाईत झाला, हेही खरे.

गिरणी कामगाराला रजा, भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा होता. साच्यावर बारा-बारा तासांची पाळी होती, मजुरी मीटरवर पैशांच्या हिशोबात होती, आणि काम नसले की मजुरीही नव्हती. कानठळ्या बसणारा आवाज आणि छातीत जाणारा कापसाचा भुगा, यांची नोंद कोणत्याच हजेरीपटावर होत नसे. १९४८ च्या कारखाने कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची मर्यादा होती. म्हणून चोवीस साच्यांचा कारखाना कागदावर तीन भावांच्या नावे आठ-आठ साच्यांचा झाला. लहान असणे ही काहींची मजबुरी होती, काहींची युक्ती. तिचा तोटा कामगाराला तर झालाच, पण मालकालाही झाला. जो कागदावर तुकड्या-तुकड्यांत राहिला त्याला बँकेने कर्ज दिले नाही, आणि नवा साचा घ्यायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काही नव्हते.

कर्जाचा प्रश्न आमच्या समाजात नाजूक आहे. व्याज नको म्हणून बँकेची पायरी न चढणारे कारखानदार पुष्कळ. त्यांच्या ईमानाचा आम्ही आदर करतो. पण तेच सूत उधारीवर घेतले की रोखीपेक्षा चढा भाव मोजावा लागे. त्या फरकाला व्याज म्हणत नसत एवढेच. त्याबाबत उलेमांनी काय सांगावे, तो आमचा प्रांत नाही. हिशोबाच्या वहीत मात्र तो पैसा विणकराच्या घरातून बाहेर जाताना दिसतो. न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ च्या अहवालात हेच मोठ्या प्रमाणावर दाखवले: मुसलमानांत स्वयंरोजगारावर जगणारे अधिक, आणि बँकांच्या कर्जात त्यांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी.

ताणा आणि बाणा

मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची सविस्तर चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा आग लागली आणि ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. माणसे मेली, साचे जळाले. जळालेल्या साच्याचा मालक बहुधा मुसलमान होता, पण त्याला सूत देणारा व्यापारी मारवाडी किंवा गुजराती होता आणि त्यावर काम करणाऱ्यांत तेलुगू पद्मशालीही होते. म्हणजे एक साचा जळाला की तीन-चार जमातींच्या घरात अंधार होई. सांत्वनासाठी म्हणायचे हे वाक्य नाही, धंद्याचे गणित आहे.

१९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना महिन्या-दोन महिन्यांनी पोलिसांसोबत एकत्र बसवले. १९९२-९३ साली मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. श्रेय समित्यांचे आहेच. पण ज्या माणसांना रोज सकाळी सुतासाठी, बीमासाठी, मजुरीसाठी एकमेकांकडे जावे लागते, त्यांना एकत्र बसवणे तुलनेने सोपे होते, असेही आम्हाला वाटते. लहान धंद्याचे हे उत्पन्न कोणत्याही पाहणीत मोजले जात नाही.

गोदामांचा काळ

पुढची कहाणी वाचकांच्या डोळ्यांदेखत घडली. सुरतेचे स्वस्त कृत्रिम कापड, परदेशी माल, आधुनिक रॅपियर आणि एअरजेट माग यांच्यापुढे जुना साचा मागे पडला. वीज महाग झाली; भिवंडीत तर २००७ साली वीज वितरण खाजगी कंपनीकडे गेले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने रोखीवर चालणारा हा धंदा एका रात्रीत गारठला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. कधी वही न लिहिलेल्या माणसाला संगणकावर विवरणपत्र भरावे लागले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत परगावचे विणकर त्याच आग्रा रोडने पायी परत निघाले, ज्या रस्त्याने दीडशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आले होते.

आणि मग शेडांच्या जागी गोदामे उभी राहिली. आज चेण्यावरून जाणाऱ्या ट्रकांत कापडाच्या गाठी असतात, पण त्यांहून अधिक असतात मोबाइलवर मागवलेल्या वस्तूंची खोकी. गोदामांनीही रोजगार दिला, ते नाकारण्यात अर्थ नाही. जमीनवाल्याला भाडे मिळते, पोरांना खोकी चढवण्या-उतरवण्याचे काम मिळते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या बेरजेत ही वाढच दिसते. पण गोदामात खोकी उचलणारा मुलगा दहा वर्षांनी कशाचा मालक होईल? बाप दोन साच्यांचा का होईना, मालक होता. हीच गोष्ट बेरजेत दिसत नाही, आणि आम्हाला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

प्रवेश अर्जातला रकाना

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. दर जूनमध्ये प्रवेश अर्ज भरून घेतो. त्यात 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना आहे. पालक बहुधा एकच शब्द सांगतात, 'मजदूरी'. नीट विचारले की कळते, एकाचे शिलाईचे दोन मशीन आहेत, एक भाईंदरच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करून देतो, एकाचा बेकरीचा माल पोहोचवायचा टेम्पो आहे. एका बापाचे भिवंडीत चार साचे होते, ते भंगारात गेले. हे सगळे लहान व्यावसायिक आहेत. पण तेच स्वतःला तसे समजत नाहीत, मग सरकारने का समजावे?

कायदा त्यांच्यासाठी काहीच करत नाही असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योजकाचे पैसे मोठ्या गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे बंधन घातले. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला दात दिले: मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून प्राप्तिकरात दाखवता येत नाही. पण या तरतुदी नोंदणी केलेल्यासाठी आहेत, आणि ज्याच्याकडे बिल आहे, वही आहे, त्याच्यासाठी आहेत. 'मजदूरी' एवढेच लिहिणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

म्हणून आमची सूचना अगदी शाळामास्तरी आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना जमाखर्चाची वही लिहायला शिकवावी, तीही घरच्या धंद्याची. उद्योग नोंदणी मोबाइलवरून, विनाशुल्क होते, ती बापाला करून द्यायला मुलीला-मुलाला शिकवावे. अंजुमनांनी वर्षातून एकदा कव्वालीऐवजी एखाद्या हिशोबनिसाचे व्याख्यान ठेवावे. घरात कांडी भरणाऱ्या आणि मण्यांचे काम करणाऱ्या बायकांची मजुरीही त्या वहीत लिहावी, कारण जे लिहिले जात नाही ते मोजले जात नाही. आणि इतिहास शिकवताना घोडबंदरच्या घोड्यांबरोबर आग्रा रोडचे विणकरही सांगावेत.

यंदा जूनमध्ये त्या साचेवाल्या बापाच्या मुलाचा अर्ज भरताना आम्ही 'मजदूरी' खोडले आणि त्यांना विचारले, 'अब्बांनी काय केले आयुष्यभर?' ते थोडे थांबले. मग म्हणाले, 'कपडा बुनते थे, सर. और मैं भी.' आम्ही रकान्यात लिहिले : विणकर, कारखानदार. त्यांनी ते वाचून पाहिले आणि खाली सही केली.